परदेशात फिरायचं कशानं? वाहन ठरवण्याची टप्प्याटप्प्याची रीत

विमानाची तिकिटं झाली, हॉटेलं झाली, व्हिसाची तारीखही मिळाली. मग ‘तिथं पोचल्यावर फिरण्याचं बघू’ म्हणून एक विषय मागं पडतो, आणि नेमका तोच सुट्टीतले दिवस आणि पैसे खातो.

बहुतेकांचा प्रश्न असा असतो: ‘स्वित्झर्लंडमध्ये गाडी घ्यावी की ट्रेननं फिरावं?’ या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण एका देशाला एक वाहन असं नसतंच. मुंबईत तरी आपण तसे कुठं फिरतो? बोरिवलीहून फोर्टला जायला फास्ट लोकल, चर्चगेटला उतरून नरिमन पॉइंटला शेअर टॅक्सी, आणि रविवारी सगळं घर घेऊन कर्नाळ्याला जायचं तर गाडी. परदेशातही हाच हिशेब लागू पडतो. वाहन देशासाठी निवडायचं नसतं, टप्प्यासाठी निवडायचं असतं.

पायरी १: टप्प्यांचा कागद

एक कागद घ्या आणि सहलीतली प्रत्येक हालचाल एका ओळीत लिहा. कुठून, कुठं, किती वाजता, आणि सोबत बॅगा आहेत की नाहीत. समजा स्वित्झर्लंड आणि इटली असा दहा दिवसांचा बेत आहे. झ्युरिक विमानतळ ते लुझर्न, लुझर्न ते इंटरलाकेन, इंटरलाकेन ते मिलान, मिलान ते फ्लोरेन्स, फ्लोरेन्स ते रोम, रोम ते विमानतळ. हे सहा टप्पे बॅगांसकट. त्याशिवाय डोंगरावर जाऊन यायचे दोन-तीन दिवस आणि शहरातली भटकंती, ती बॅगांशिवाय. बॅगांचा रकाना महत्त्वाचा आहे, कारण बस, मेट्रो आणि चालणं हे बॅगांशिवाय सोपं असतं आणि बॅगांसकट छळ होतो.

मग प्रत्येक ओळीपुढं हॉटेलच्या दारापासून पुढच्या हॉटेलच्या दारापर्यंतचा वेळ मांडा. मिलान ते रोम विमान तासा-सव्वा तासाचं, वेगवान रेल्वे साधारण तीन तासांची. कागदावर विमान जिंकतं. पण मिलानचं मालपेन्सा विमानतळ शहरापासून सुमारे ५० किलोमीटर, रोमचं फ्युमिचिनो सुमारे ३०. तिथं पोचणं, दोन तास आधी हजेरी, बॅगेची वाट, पुन्हा शहरात येणं, असं धरलं की पाच-सहा तास झाले. रेल्वे मात्र एका शहराच्या मध्यावरून निघते आणि दुसऱ्याच्या मध्यावर सोडते. रेल्वेनं चार तासांच्या आत पोचता येत असेल तर विमानाचा विचार सोडून द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सोबत कोण आहे हेही त्याच कागदावर लिहा. सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन पॅरिसची मेट्रो वापरायची म्हणजे जिने आले. बहुतेक जुन्या स्टेशनांवर लिफ्ट नाहीत. लंडनच्या ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, नकाशावर व्हीलचेअरची खूण असलेलीच स्टेशनं पायऱ्यांविना आहेत. अशा वेळी त्या एका टप्प्यापुरती टॅक्सी घ्या, बाकी शहर बसनं बघा. बसमध्ये जिने नसतात आणि खिडकीतून शहरही दिसतं. युरोपातल्या मोठ्या स्टेशनांवर चढा-उतरायला मदत मिळते, पण ती आधी नोंदवावी लागते. शक्यतो एक दिवस आधी तरी कळवा.

सामानाला एकच कसोटी लावा. जेवढं घेऊन दादरचा पूल कुणाच्या मदतीशिवाय चढता येईल तेवढंच माणशी सामान. परदेशात हमाल सहसा मिळत नाही, आणि गाडी बदलायला आठ मिनिटं असतील तर माणशी दोन बॅगा घेऊन ती मिळणारही नाही.

पायरी २: गाडी कुठं घ्यायची आणि कुठं मुळीच नाही

भाड्याची गाडी तिथंच उपयोगी पडते जिथं गावं दूरदूर आहेत, बस दिवसातून दोनदा येते आणि वाटेत थांबणं हाच प्रवासाचा आनंद आहे. न्यूझीलंडचं दक्षिण बेट, आइसलँड, स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, टस्कनीची खेडी, अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं ही त्याची ठळक उदाहरणं. चौघांत भाडं वाटलं गेलं की ती स्वस्तही पडते.

मोठ्या शहरात तीच गाडी गळ्यातलं लोढणं होते. पार्किंगचा रोजचा खर्च, गर्दी आणि बंदी घातलेले भाग. इटलीत तर विशेष सांभाळा. फ्लोरेन्स, रोम, पिसा, सिएना अशा शहरांच्या जुन्या भागांत ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्र असतं. फाटक नसतं, पोलीस नसतो, फक्त एक पाटी आणि कॅमेरा. नकाशाचं ॲप तुम्हाला खुशाल आत नेतं. दंडाची नोटीस काही महिन्यांनी येते, आणि तुमचं नाव-पत्ता पोलिसांना दिल्याबद्दल गाडीवाली कंपनी कार्डातून वेगळी रक्कम कापते, ती दंडाव्यतिरिक्त. तीच पाटी तीनदा ओलांडली तर तीन दंड. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर तुमचा गाडीचा नंबर नोंदवता येतो का, हे हॉटेलला आधीच विचारा. त्याहून बरं म्हणजे शहरं रेल्वेनं करा आणि फक्त खेड्यांच्या तीन दिवसांसाठी शहराबाहेरून गाडी घ्या.

स्वित्झर्लंडमध्ये झरमॅटला गाडी जातच नाही. पाच किलोमीटर आधी टॅशला ठेवून रेल्वेनं वर जावं लागतं. वेंगेन आणि म्युरेन ही गावंही गाड्यांविना आहेत. स्विस हमरस्त्यांवर चालवायला ४० फ्रँकचा वार्षिक विन्येट, म्हणजे टोलचा स्टिकर, लागतो. स्वित्झर्लंडमध्येच घेतलेल्या गाडीवर तो असतो, जर्मनी किंवा इटलीतून गाडी नेत असाल तर आपण घ्यायचा. ऑस्ट्रियाचा वेगळा, तिथं थोड्या दिवसांचाही मिळतो. फुर्का, ग्रिम्सेल असे उंच घाट हिवाळ्यात बंद असतात आणि मे महिन्यातही बऱ्याचदा उघडलेले नसतात. मुंबईकरांची सुट्टी नेमकी मेमध्ये, म्हणून हे आधी बघा.

पायरी ३: लायसन्सचं काम, तिकिटाच्या आधी

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओच देतं. ज्या आरटीओच्या हद्दीत तुम्ही राहता तिथला: ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली. अर्ज ‘परिवहन’च्या सारथी पोर्टलवर भरायचा, शुल्क १,००० रुपये. लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती हाताशी ठेवा, मूळ कागद दाखवायची तयारी ठेवा. परवान्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. म्हणून खूप आधी काढू नका, पण शेवटच्या आठवड्यावरही ढकलू नका. इंटरनेटवर ‘घरबसल्या इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्या खासगी साइटींच्या कार्डाला कायद्यानं काही किंमत नाही.

परवाना म्हणजे तुमच्या लायसन्सचं भाषांतर. मूळ लायसन्स सोबत नसेल तर तो निरुपयोगी. आणि मूळ लायसन्सवर फक्त चारचाकी असेल तर परवान्यावरही चारचाकीच असते. फुकेतला किंवा गोव्यासारख्याच वाटणाऱ्या कुठल्याही बेटावर स्कूटर घ्यायची असेल तर दुचाकीचा वर्ग लायसन्सवर आहे का, हे इथंच तपासा.

भारताचा परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा असतो. त्याचा एक फायदा आणि एक तोटा. जपान फक्त १९४९ च्या करारातले परवाने मानतं, तेव्हा तिथं आपला चालतो. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातले मानतं, तेव्हा तिथं चालत नाही. दुकानदार स्कूटर देतोच, कुणी विचारतही नाही. पण अपघात झाला की प्रवास विमा ‘वैध परवाना नव्हता’ म्हणून रुग्णालयाचं बिल नाकारतो. चीनमध्ये कुठलाच आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही. ब्रिटनमध्ये पर्यटकाला भारतीय लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. इटलीत परवाना लागतोच. पोलीस काय मागतात आणि गाडीवाली कंपनी काय मागते हे वेगळं असू शकतं, म्हणून बुकिंगच्या अटी वाचा.

आता बाजूचा प्रश्न. ब्रिटन, आयर्लंड, जपान, थायलंड, सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, श्रीलंका, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथं आपल्यासारखंच डावीकडून चालतं. युरोपचा मुख्य भूभाग, अमेरिका, दुबई, तुर्कस्तान, व्हिएतनाम इथं उजवीकडून. पहिल्यांदाच परदेशात चालवत असाल तर डावीकडचा देश निवडा.

उजवीकडच्या देशात चूक वाहत्या रस्त्यावर होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. ती होते पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर आणि पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. हात सवयीनं डावीकडं वळवतो. एक खूण लक्षात ठेवा: गाडी तिथली असेल तर ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मध्यरेषेजवळ असतो. आपण कडेला बसलोय असं जाणवलं की चुकीच्या बाजूला आहोत. मारुती-ह्युंदाईची सवय असेल तर इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर सुरू होईल, कारण युरोपीय गाड्यांत इंडिकेटरची काडी डाव्या हाताला असते. गोल चौकात शिरताना आतल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. फ्रान्समध्ये पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. अमेरिकेत लाल दिवे लुकलुकवत उभ्या असलेल्या स्कूलबसला, मध्ये दुभाजक नसेल तर, समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं असतं.

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. झोप अर्धवट, डोळे जड, आणि तशात विमानतळावरूनच गाडी घेऊन अनोळखी बाजूनं तीन तास चालवायचं? असं करू नका. पहिली रात्र शहरात काढा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. एका दिवसाचं भाडंही वाचतं.

पायरी ४: गाडीच्या काउंटरवर

मुख्य ड्रायव्हरच्या नावावरचं क्रेडिट कार्ड लागतं. नवऱ्याचं कार्ड आणि बायकोचं लायसन्स असं बऱ्याच ठिकाणी चालत नाही. फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्ड अनामत रकमेसाठी अनेक कंपन्या नाकारतात. अनामत काहीशे युरोंपासून पुढं असते, ती कार्डावर अडकवली जाते आणि सुटायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तेवढी मर्यादा कार्डावर मोकळी आहे का बघा, नाहीतर पुढच्या हॉटेलात कार्ड नाकारलं जाईल.

युरोपात साधी गाडी म्हणजे गिअरची. उजव्या हातानं गिअर बदलायचा सराव नसतो, तेव्हा बुकिंग करतानाच ‘ऑटोमॅटिक’ निवडा. महाग पडते आणि कमी असते, म्हणून लवकर घ्या. २५ वर्षांखालच्या ड्रायव्हरला जादा आकार, दुसरा ड्रायव्हर जोडला तर जादा, दुसऱ्या शहरात सोडली तर जादा, लहान मुलाची सीट जादा. या सगळ्यासह एकूण किती, ते विचारा. देशाची सीमा ओलांडणार असाल तर लेखी परवानगी घ्या.

विम्यात ‘एक्सेस’ हा शब्द समजून घ्या. नुकसान झालं तर पहिली इतकी रक्कम तुमची, असा त्याचा अर्थ. ती हजार-दोन हजार युरो सहज असते. ती शून्यावर आणणारा विमा काउंटरवर महाग मिळतो; बाहेरच्या विमा कंपनीचा स्वस्त असतो, पण त्यात आधी तुम्ही भरायचं आणि मग दावा करून परत मिळवायचं. काच, टायर आणि गाडीचा तळ बऱ्याच विम्यांत धरलेले नसतात. आइसलँडच्या खडीच्या रस्त्यांवर नेमकं तेच फुटतं.

चावी हातात आली की बॅगा डिकीत टाकायच्या आधी गाडीभोवती सलग एक व्हिडिओ घ्या. चारही चाकांच्या रिम, बंपरच्या खालची कड, काच, छत, किलोमीटरचा आणि इंधनाचा काटा. ओरखडा दिसला तर कागदावर लिहून घ्या, ‘ते चालतं’ या तोंडी शब्दावर सोडू नका. इंधन ‘भरलेली घ्या, भरून द्या’ या बोलीचंच असावं.

कुठलं इंधन, हे टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. हँडलच्या रंगावर जाऊ नका: ब्रिटनमध्ये हिरवं म्हणजे पेट्रोल, अमेरिकेत हिरवं बहुधा डिझेल. फ्रान्समध्ये गाझोल आणि इटलीत गासोलिओ म्हणजे डिझेल. ‘गॅसोलिन’ समजून भरलं की इंजिन गेलं, आणि असं नुकसान सहसा विम्यात येत नाही. युरोपीय संघात २०१८ पासून पंपावर आणि नव्या गाड्यांच्या झाकणावर सारखी चिन्हं असतात. गोलात ‘ई’ म्हणजे पेट्रोल, चौकोनात ‘बी’ म्हणजे डिझेल.

पायरी ५: रेल्वेचा पास घ्यायचा की सुटी तिकिटं?

इथं भावनेनं ठरवू नका, बेरीज करा. जपानचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये जपान रेल पासचे दर वाढले आणि सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योटो शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, साधारण १४,००० येन. जाऊन-येऊन २८,०००. जुन्या दरात पास जवळजवळ वसूल होत होता. आता निम्म्याच्या थोडंसंच पुढं जातो. हिरोशिमा जोडलं, म्हणजे टोकियो-क्योटो, क्योटो-हिरोशिमा, हिरोशिमा-टोकियो, तरी बेरीज ४६,००० च्या आसपास थांबते. शिवाय सगळ्यात वेगवान ‘नोझोमी’ गाडीला पासवर वेगळे पैसे पडतात. तरीही पास घ्याच असं सांगणारे जुने लेख अजून फिरत असतात. शिंकान्सेनचं भाडं विमानासारखं वरखाली होत नाही, म्हणून तिथं तीन महिने आधी धावपळ करायची गरज नाही.

मोठी बॅग असेल तर एक नियम पाळा. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि २५० पर्यंत असेल तर शिंकान्सेनच्या टोकाइदो-सान्यो मार्गावर मोठ्या बॅगेची जागा असलेलं सीट राखून घ्यावं लागतं. ते फुकट आहे. न घेता चढलात तर १,००० येन. त्यापेक्षा ‘ताक्क्युबिन’ या सामान पोचवणाऱ्या कुरिअर सेवेनं बॅगा पुढच्या हॉटेलला धाडून द्या, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात. एका रात्रीचे कपडे पाठीवर घेऊन निघा.

स्वित्झर्लंडमध्ये दोन पर्याय समोरासमोर ठेवा. स्विस ट्रॅव्हल पास (३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा) घेतला की रेल्वे, बस, सरोवरातल्या बोटी, शहरातली ट्राम सगळं आलं. रिगी आणि श्टान्सरहॉर्न हे डोंगरसुद्धा. पण युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्यावर तो फक्त २५ टक्के सूट देतो, तर एक महिना चालणारं हाफ फेअर कार्ड तिथं निम्मं भाडं लावतं. रोज गाव बदलणार असाल तर पास. इंटरलाकेनला मुक्काम टाकून दोन-तीन महागडे डोंगर करणार असाल तर हाफ फेअर कार्ड बहुतेक वेळा स्वस्त पडतं. ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या. आई किंवा बाबा सोबत असले की मुलं फुकट. मागितलं नाही तर आपोआप मिळेल असं धरू नका.

युरेल पास, म्हणजे अनेक युरोपीय देशांत चालणारा रेल्वे पास, घेऊन फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्यांत बसायचं तर सीटचं आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना ती सक्ती नाही.

इटली, फ्रान्स, ब्रिटनमध्ये आधी काढलेलं तिकीट खूप स्वस्त असतं. ब्रिटनची ‘ॲडव्हान्स’ तिकिटं साधारण १२ आठवडे आधी खुली होतात. पण स्वस्त तिकीट त्याच गाडीचं असतं. गाडी चुकली की तिकीट गेलं. म्हणून मुंबईचं विमान ज्या दिवशी उतरणार, त्या दिवशीच्या टप्प्याला असं बांधलेलं तिकीट कधीही घेऊ नका. पुढच्या दिवसांना घ्या. आणि व्हिसा हातात यायच्या आधी फक्त परतावा मिळणारंच बुकिंग करा.

फलाटावरच्या गोष्टी थोडक्यात. इटलीत स्थानिक गाडीचं कागदी तिकीट चढायच्या आधी फलाटाजवळच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा. तिकीट असूनही शिक्का नसेल तर दंड होतो. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये काही गाड्यांचे वाटेत दोन भाग होऊन ते वेगवेगळ्या गावांना जातात. विरार आणि कसारा एकाच गाडीत असल्यासारखं समजा, डब्यावरची पाटी वाचून चढा. दरवाजे बऱ्याच ठिकाणी बटण दाबल्याशिवाय उघडत नाहीत. इटलीत संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक स्थानिक गाड्या चालवल्या जातात.

पायरी ६: शहरातल्या शहरात

लंडन, सिंगापूर अशा शहरांत वेगळं तिकीट काढायची गरज नाही. कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की झालं. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंद अवस्थेतच मिळतात. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय, कॉन्टॅक्टलेस आणि ऑनलाइन ही बटणं वेगवेगळी असतात. तिन्ही मुंबईतून निघायच्या आधी सुरू करा, कारण ओटीपी येणारं सिम तिकडं चालेलच असं नाही. रोमिंगवर निदान एसएमएस येतात ना, हेही पाहून घ्या.

लंडनमध्ये दिवसभराच्या खर्चाला कमाल मर्यादा असते, पण चढताना आणि उतरताना एकच कार्ड टेकवलं तरच ती लागू होते. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि संध्याकाळी तेच कार्ड फोनमधून टेकवलं तर यंत्राला ती दोन माणसं वाटतात. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. ११ वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत ट्यूबमध्ये फुकट. ११ ते १५ च्या मुलांसाठी ऑयस्टर या लंडनच्या प्रवास-कार्डावर स्टेशनच्या कर्मचाऱ्याकडून ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्या, निम्म्या भाड्यात १४ दिवस जातात. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत.

दुबईत मेट्रो-बससाठी नोल कार्ड. मेट्रोची लाल मार्गिका विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ ला येते, २ ला येत नाही. मेट्रोत खाणं-पिणं मना आहे, १०० दिरहम दंड. मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नका.

पायरी ७: ॲप, टॅक्सी आणि ड्रायव्हरसह गाडी

आग्नेय आशियात ग्रॅब, दुबईत करीम, चीनमध्ये दिदी. ही ॲपं घरी बसूनच उतरवा, भारतीय नंबरावर ओटीपी घेऊन खातं सुरू करा, कार्ड जोडा. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर टॅक्सीची रांग तळमजल्यावर असते, यंत्रातून चिठ्ठी घ्यायची. मीटरवर विमानतळाचे ५० बाट आणि टोल वेगळा, हे ठरलेलंच आहे. मीटर न टाकता ठोक रक्कम सांगितली तर नम्रपणे नाही म्हणा. शहरात जाणारी एअरपोर्ट रेल लिंक पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते. त्याआधी उतरणार असाल तर टॅक्सीच धरा.

बाली आणि श्रीलंका अशा ठिकाणी चार-पाच जणांच्या मुंबईकर कुटुंबाला सगळ्यात सोयीचा पर्याय म्हणजे ड्रायव्हरसह गाडी. बालीत रेल्वे नाही, बससेवा तुटपुंजी, रस्ते अरुंद. दिवसाचा ठोक दर ठरवताना हे लेखी घ्या: किती तास, त्यानंतर तासाला किती, पेट्रोल, पार्किंग आणि टोल कुणाचे, मुक्कामी जायचं तर ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाचं काय. सहा माणसांना सात सीटची गाडी घेतली तर बॅगांना जागाच उरत नाही, कारण तिसरी रांग उघडली की डिकी संपली. सहा जण आणि सहा बॅगा असतील तर मोठी व्हॅन मागा.

स्कूटर घेतलीच तर पासपोर्ट गहाण ठेवू नका. रोख अनामत द्या, पासपोर्टची प्रत द्या. पासपोर्ट दुकानदाराकडं असला की जुन्या ओरखड्याचे पैसेही भरावे लागतात.

पायरी ८: बोट आणि स्वस्त विमान

ग्रीसच्या बेटांवर उन्हाळ्यात ‘मेल्टेमी’ नावाचे जोरदार वारे सुटतात आणि बोटी रद्द होतात, आधी वेगवान लहान बोटी. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी अथेन्सला परत आलेलं असावं. स्वस्त विमान कंपन्यांच्या भाड्यात सहसा बॅग नसते. ती ऑनलाइन आधी घ्या, विमानतळावर तीच बरीच महाग पडते. विमानतळ कुठला हेही बघा: ‘पॅरिस बोव्हे’ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. दोन वेगळ्या तिकिटांवर विमानं जोडली असतील तर पहिलं उशिरा पोचल्यावर दुसरी कंपनी जबाबदार नसते.

पायरी ९: तारखा तपासा

आपली सुट्टी आणि त्यांची सुट्टी एकत्र आली की गाड्या भरतात. जपानमध्ये एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ‘गोल्डन वीक’. तेव्हा नोझोमीत सगळी सीटं आरक्षितच असतात. थायलंडमध्ये १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, चीनमध्ये १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा. युरोपातल्या खेड्यांत रविवारी बस कमी किंवा बंद. डोंगरावरचे रोपवे मे किंवा नोव्हेंबरमध्ये दुरुस्तीसाठी बंद ठेवले जातात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढं-मागं होतात. दिवाळीच्या सहलीत हा रविवार बऱ्याचदा सापडतो, त्या पहाटेचं विमान असेल तर गजर फोनवरच लावा.

शेवटचा टप्पा

परतीच्या दिवशी गाडी द्यायची असेल तर विमानाच्या चार तास आधी पोचायचं धरा. विमानतळाच्या अगदी शेजारचा पंप सहसा महाग, म्हणून दहा-पंधरा किलोमीटर आधी टाकी भरा आणि पावती ठेवा. पुन्हा तसाच व्हिडिओ घ्या. कर्मचारी हजर असेल तर ‘नवीन नुकसान नाही’ असा कागद मागा. रात्री चावी पेटीत टाकून जायचं असेल तर गाडी उभी केलेल्या जागेचा नंबर दिसेल असा फोटो काढा. भाड्याचा करार, इंधनाची पावती आणि दोन्ही व्हिडिओ एका फोल्डरमध्ये घालून वर्षभर जपून ठेवा. इटलीचा दंड तेवढ्या काळात केव्हाही घरच्या पत्त्यावर येऊ शकतो, आणि तेव्हा त्या दिवशी, त्या वेळी गाडी तुमच्याच ताब्यात होती का, हे याच कागदांवरून ठरतं.